बिळातला आश्रित

तो जबडा बोटाच्या एका पेरावर मावेल एवढा आहे.

अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्स प्रांताच्या अटलांटिक किनाऱ्यावर मिरामार नावाचं गाव आहे. तिथल्या समुद्रकड्यांच्या मातीत फार जुन्या बिळांच्या खुणा दिसतात. बीळ म्हटलं की उंदीर-घुशी आठवतात. यातली काही बिळं मात्र माणूस वाकून आत शिरेल एवढी रुंद होती. अशी बिळं खणणाऱ्यांत होते जमिनीवर राहणारे महाकाय स्लॉथ. आज झाडाला लटकून राहणाऱ्या, संथ हालचालींच्या स्लॉथांचे हे भाऊबंद, पण देहाने धिप्पाड आणि मोठमोठ्या नख्यांनी जमीन उकरून घर करणारे. अशाच एका बिळात साचलेल्या गाळातून, सुमारे एक लाख वर्षांपूर्वीचा, हा चिमुकला जबडा निघाला. तो होता डेस्मोडस ड्रॅक्युली या नामशेष झालेल्या व्हॅम्पायर वटवाघळाचा. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांमध्ये आजवर माहीत असलेली ही सगळ्यात मोठी जात.

२०२१ मध्ये ही बातमी मी वाचली तेव्हा मी मावशीकडे राहत होते. काम सुटलं होतं, साठवलेले पैसे संपले होते, आणि 'महिनाभर ये' म्हणून बोलावलेल्या मावशीकडे मला आठवा महिना चालू होता. त्या संध्याकाळी तिच्याकडे एक पाहुणे आले होते. मी आतल्या खोलीत होते. दार पुरतं लागलेलं नव्हतं. पाहुण्यांनी आवाज जरा खाली आणून विचारलं, "आणखी किती दिवस पोसणार आहेस हे बांडगूळ?"

मावशी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पाहुणे गेल्यावर ती दारात आली आणि म्हणाली, "पान वाढलंय. चल."

रात्री झोप येईना. फोनवर सरकत सरकत ती बातमी समोर आली. मथळ्यात 'विशाल' होतं, 'रक्तपिपासू' होतं, 'ड्रॅक्युला' तर होतंच. मी ती उघडली ती घाबरायच्या तयारीने. पण मला धरून ठेवलं ते एका साध्या गोष्टीने: हा जबडा दुसऱ्याच्या घरात सापडला होता.

त्या रात्रीपासून मी या प्राण्याच्या मागे आहे. जे मिळेल ते वाचलं. आणि जितकं वाचलं तितकं वाटत गेलं की याच्या नावाने याच्यावर मोठा अन्याय केलाय.

'विशाल' या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते. आज हयात असलेलं साधं व्हॅम्पायर वटवाघूळ पंचवीस ते चाळीस ग्रॅम वजनाचं असतं. डेस्मोडस ड्रॅक्युली त्याच्याहून साधारण तीस टक्क्यांनी मोठं. पंख पसरले तर अर्धा मीटर भरावेत, वजन साठ ग्रॅमच्या आसपास असावं, असा अंदाज. म्हणजे हा 'राक्षस' ओंजळीत सहज मावला असता. फळं खाणारी कितीतरी वटवाघळं याच्याहून आकाराने मोठी आहेत. पण जो प्राणी निव्वळ रक्तावर जगतो त्याच्यासाठी साठ ग्रॅम हे ओझं फार मोठं आहे. ते का, ते पुढे येईलच.

नावाची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी, कारण तिच्यात एक अख्खं वर्तुळ आहे. रात्री थडग्यातून उठून माणसांचं रक्त पिणाऱ्या प्रेतांच्या कथा युरोपातल्या, आणि युरोपात रक्त पिणारं एकही वटवाघूळ नाही. ही वटवाघळं फक्त अमेरिका खंडांत राहतात. दंतकथा समुद्राच्या एका काठाला, प्राणी दुसऱ्या काठाला. खलाशी आणि प्रवासी नव्या जगातून रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या ऐकीव कहाण्या घेऊन परतले तेव्हा दंतकथेला जणू शरीर मिळालं. मग निसर्ग-अभ्यासकांनी ते नाव भलत्यांनाच वाटलं. १७५८ साली लिनीयसने आग्नेय आशियातल्या, फळांवर आणि मधुरसावर जगणाऱ्या एका थोराड वटवाघळाच्या नावात 'व्हॅम्पायरस' घातलं. पुढे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या वटवाघळालाही 'व्हॅम्पायरम' म्हटलं गेलं. तेही रक्त पीत नाही, पक्षी आणि उंदीर धरून खातं. खरं रक्त पिणारं वटवाघूळ १८१० मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जोफ्रुआने शास्त्राच्या वहीत नोंदवलं, तेव्हा त्याच्या नावात रक्ताचा मागमूस नव्हता. त्याने त्याला 'रोटुंडम' म्हटलं, म्हणजे गोल.

हे वटवाघूळ खरोखर चावतं का, याबद्दलही युरोपात शंका होती. डार्विनने ती आपल्यापुरती फेडली. चिलीमध्ये कोकिम्बोजवळ मुक्कामाला असताना एका संध्याकाळी एक घोडा अस्वस्थ झाला. नोकराने जाऊन घोड्याच्या मानेच्या बुडाशी हात टाकला, तर हातात वटवाघूळ आलं. दुसऱ्या दिवशी चाव्याची जागा थोडी सुजलेली आणि रक्ताळलेली दिसत होती. डार्विनने हे नीट लिहून ठेवलं. मला त्या प्रसंगात त्या अनाम नोकराचा हात दिसतो. युरोपातल्या विद्वानांच्या वादाचा निकाल त्याने अंधारात चाचपून लावला.

मग १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला सरदार ड्रॅक्युला वटवाघळाचं रूप घेऊ लागला आणि नावाचा प्रवास उलट दिशेने सुरू झाला. १९८८ मध्ये गॅरी मॉर्गन, ओमर लिनारेस आणि क्लेटन रे या तिघांनी व्हेनेझुएलातल्या जीवाश्मांवरून मोठ्या व्हॅम्पायर वटवाघळाची नवी जात जाहीर केली, तेव्हा त्यांनी तिला त्या सरदाराचंच नाव दिलं. प्राण्यावरून कथेने घेतलं होतं, कथेवरून प्राण्याने परत घेतलं. नाव लक्षात राहतं, हे खरं. तसं नाव नसतं तर त्या रात्री मीही ती बातमी उघडली नसती. पण ज्याच्या नावात सरदार आहे, किल्ला आहे, सत्ता आहे, तो प्राणी प्रत्यक्षात परक्या अंगावर पोट असलेला, रोजच्या रोज दुसऱ्याच्या दाराशी जावं लागणारा जीव होता.

तो पहिला जीवाश्म ज्या गुहेत मिळाला ती व्हेनेझुएलाच्या मोनागास राज्यातली, कारिपेजवळची ग्वाचारो गुहा. १७९९ च्या सप्टेंबरमध्ये जर्मन निसर्ग-अभ्यासक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट तिथे गेला होता. त्याने पाहिले ते ग्वाचारो पक्षी. हे निशाचर, फळं खाणारे पक्षी अंधारात टकटक आवाज करतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. गुहेत हजारोंनी राहतात आणि कोणी आत आलं की किंकाळ्यांनी गुहा भरून टाकतात. त्या भागातले चाइमा लोक ही गुहा पूर्वजांच्या आत्म्यांची मानत. हुम्बोल्टने लिहून ठेवलंय की 'ग्वाचारोंकडे जाणं' म्हणजे त्यांच्या बोलीत मरणं. ठरावीक अंतरापुढे वाटाडे आत यायला तयार झाले नाहीत. त्यांना बळेच पुढे रेटता आलं नाही आणि हुम्बोल्टला परतावं लागलं. पुढे दोनशे वर्षांच्या आत त्याच गुहेतून ही हाडं निघाली. पूर्वजांकडे जाण्याची जागा म्हणून जिला मान होता, तिने खरोखरच एक पूर्वज सांभाळून ठेवला होता. म्हणजे तसा पूर्वज नव्हे. आजच्या साध्या व्हॅम्पायर वटवाघळाचा तो बाप नाही, मोठा चुलतभाऊ म्हणता येईल.

वटवाघळांची हाडं जपणं हे गुहेचंच काम. उडणाऱ्याची हाडं पातळ, नाजूक. उघड्यावर पडली की पावसाळ्यात त्यांची माती होते. गुहेत मात्र ऊन नाही, खुराखालचं तुडवणं नाही. कोपऱ्यात पडलेलं हाड हळूहळू गाळाखाली जातं. म्हणून या कुळाचा इतिहास जवळजवळ सगळा गुहांमधून वेचलेला आहे. मेक्सिकोच्या न्यूव्हो लिऑन राज्यातल्या सान होसेसितो गुहेतून डेस्मोडस स्टॉकी मिळालं, त्याचं नाव १९५८ मध्ये पडलं. फ्लोरिडातून त्याहून पुरातन डेस्मोडस आर्किओडॅप्टिस मिळालं, ड्रॅक्युलीबरोबर त्याच १९८८ च्या लेखात जाहीर झालेलं. स्टॉकीची हाडं तर उत्तरेला वेस्ट व्हर्जिनियापर्यंत सापडलीत. आज संयुक्त संस्थानांत एकही व्हॅम्पायर वटवाघूळ वस्ती करून नाही. थंडी त्यांना सोसत नाही. हिवाळ्याचं सरासरी किमान तापमान दहा अंशांखाली जातं तिथे त्यांची हद्द साधारण संपते.

त्या हद्दीचं कारण त्यांच्या ताटात आहे, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते या ताटाबद्दल.

रक्त हे किती गरीब अन्न आहे! त्यातला बहुतेक भाग पाणी. उरलेल्यात प्रथिनं भरपूर, पण चरबी आणि साखर नावापुरती. लोह इतकं की दुसऱ्या कुणाला बाधेल. फळावर जगणारं वटवाघूळ अंगावर चरबी साठवू शकतं; रक्तावर जगणाऱ्याची शिल्लक कधी पडतच नाही. रोज कमवायचं, रोज खायचं. साधारण वीस मिलिलिटर रक्त म्हणजे त्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक. एवढं पिऊन उडायचं कसं? म्हणून पिणं संपायच्या आतच त्याची मूत्रपिंडं कामाला लागतात आणि काही मिनिटांत पाणी बाहेर टाकू लागतात. उदरनिर्वाहाचा हा मार्ग इतका अवघड आहे की चौदाशेहून अधिक जातींच्या वटवाघळांत आज तो फक्त तिघांनी धरलाय. एक सस्तन प्राण्यांवर जास्त जगतं, उरलेली दोन मुख्यतः पक्ष्यांवर.

आणि त्यासाठी त्यांनी काय काय सोडलं! २०२२ मधल्या जनुकांच्या एका अभ्यासात दिसलं की इतर वटवाघळांत असलेली तेरा जनुकं साध्या व्हॅम्पायर वटवाघळात बंद पडली आहेत. त्यातल्या एकाचं जाणं बहुधा जास्तीचं लोह बाहेर टाकायला मदत करतं. गोड चव त्यांना कळत नाही. चघळायचं काही नसल्यामुळे दाढा झिजून लहान, साध्या झाल्या. उलट पटाशीचे वरचे दोन दात वस्तऱ्यासारखे झाले. त्यांच्यावर इनॅमल नाही, म्हणून धार बोथट होत नाही. ते खोल घाव करत नाहीत. केस आड आले तर आधी ते कातरतात, मग त्वचेचा एक इवलासा तुकडा उचलतात. पुढे चोखणं नाही, चाटणं. लाळेत रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात. त्यातल्या एकाचं नाव शास्त्रज्ञांनी 'ड्रॅक्युलिन' ठेवलंय, आणि लाळेतल्या दुसऱ्या एका प्रथिनावरून तयार केलेल्या औषधाच्या पक्षाघातासाठी चाचण्याही झाल्या. नाकाभोवतीची त्वचा उष्णता ओळखते. कातडीखाली रक्त कुठे जवळून वाहतंय हे तिला अंधारात, स्पर्शाआधी कळतं. २०११ मध्ये ते कसं घडतं हेही उलगडलं. आपल्या तोंडात तिखटाचा दाह ओळखणारा जो प्रथिनाचा दरवाजा असतो, त्याचंच एक बदललेलं रूप या वटवाघळाच्या चेहऱ्याच्या नसांमध्ये कमी तापमानालाच उघडतं.

ते धावतंही. हे वाचलं तेव्हा मी उठून बसले होते. बाकीची बरीचशी वटवाघळं जमिनीवर पडली की केविलवाणी खुरडतात. हे मात्र दबकत चालत येतं, आणि वेळ पडली तर पळतं. २००५ मध्ये डॅनियल रिस्किन आणि जॉन हर्मनसन यांनी छोट्या सरकत्या पट्ट्यावर त्यांना पळवून पाहिलं. सेकंदाला मीटरभराहून अधिक वेग, आणि जोर मागच्या पायांचा नाही, तर दुमडलेल्या पंखांचा. पळण्याची कला वटवाघळांच्या वंशात केव्हाच हरवली होती, ती यांनी नव्याने शोधून काढली. निजलेल्या मोठ्या प्राण्याच्या खुराशेजारी ज्याला रोज जेवायला बसायचंय, त्याला पळता यायलाच हवं.

आता तो आकडा, ज्याच्यामुळे मी या प्राण्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नाही. दोन-तीन रात्री सलग काही मिळालं नाही, तर साधं व्हॅम्पायर वटवाघूळ मरतं. साधारण सत्तर तास. आणि रिकाम्या पोटी परतणं ही रोजची गोष्ट आहे, विशेषतः लहानांसाठी. मग ही जात टिकली कशी? कोस्टा रिकामध्ये जेराल्ड विल्किन्सन यांनी पोकळ झाडांच्या बुंध्यातल्या त्यांच्या वस्त्या वर्षानुवर्षं न्याहाळल्या आणि १९८४ मध्ये उत्तर छापलं. उपाशी परतलेलं वटवाघूळ शेजारणीच्या तोंडाशी जातं, तिचं पोट-गळा चाटतं. आणि शेजारीण प्यालेल्या रक्तातला वाटा काढून त्याच्या तोंडात घालते. आई पिलाला घालते तसा, पण पिलालाच नव्हे. नात्यात नसलेल्यांनाही. पुढे पनामातल्या वटवाघळांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की अनोळखी माद्या आधी एकमेकींची फर साफ करतात. ओळख वाढली, भरवसा बसला, की मग अन्न. २०२१ मध्ये एक नोंद छापून आली: बंदिस्त गटातली एक मादी मेली, आणि तिच्याशी रक्ताचं नातं नसलेल्या सोबतिणीने तिचं पिलू जवळ केलं, साफसूफ केलं, त्याला पाजलं.

मावशीच्या घरात त्या काळात मी एकटी नव्हते. मामाकडची एक मुलगी परीक्षेसाठी राहत होती. दोन घरं सोडून राहणारे एक एकटे आजोबा रात्री जेवायला असत. मावशीचा लांबचा दीर अधूनमधून यायचा आणि आठवडा-दोन आठवडे राहायचा. मावशीची पेन्शन काही मोठी नव्हती. तिने कधी कुणाला हिशेब विचारला नाही, आणि मी हिशेब करायला बसले की वही बंद करून ठेवायची. बांडगूळ हा शब्द मी त्या दिवसांत खूप घोळवला. बांडगूळ दुसऱ्याच्या फांदीत मूळ रुजवतं, त्याचं पाणी ओढतं. शिवी देणाऱ्याला एवढंच दिसतं. पण झाड वठलं की बांडगूळ दुसऱ्या झाडावर उडून जात नाही. जो दुसऱ्याच्या जिवावर जगतो त्याला त्या जिवाची जेवढी काळजी असते, तेवढी कुणाला असेल?

इथेच तो जबडा मला पुन्हा भेटला.

डेस्मोडस ड्रॅक्युली ज्या दक्षिण अमेरिकेत राहिलं ती मोठ्या देहांची भूमी होती. मेगाथेरियम, चार टनांपर्यंत वजनाचा स्लॉथ. टोक्सोडॉन, गेंड्याच्या बांध्याचा. ग्लिप्टोडॉन, पाठीवर घुमट घेऊन चालणारा. हत्तींचे नातेवाईक, रानघोडे, लांब मानेचा मॅक्रॉकेनिया. प्रत्येक जण चालतं-फिरतं, उबदार, रक्ताने भरलेलं कोठार. मोठ्या देहाच्या व्हॅम्पायर वटवाघळाला रोज जास्त रक्त लागणार. अशा सोबतीत ते परवडत होतं. मिरामारच्या बिळात ते का गेलं असेल, याच्या शक्यता मी मनात लावत बसते. निवाऱ्याला गेलं असेल. आतच निजलेल्या स्लॉथकडे जेवायला गेलं असेल. एखाद्या शिकाऱ्याच्या तोंडातून तिथे पडलं असेल. मला दुसरी शक्यता आवडते, पण आवडणं हा पुरावा नव्हे.

मग साधारण बारा ते दहा हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराला ते सगळे मोठे देह गेले. हवामान पालटत होतं आणि भाले घेऊन माणूसही आला होता. कुणाचा वाटा किती यावर अभ्यासक अजून भांडतात. मोठी घरं बसली आणि घरातले आश्रित त्यांच्यामागून गेले. महाकाय व्हॅम्पायर वटवाघळाच्या अंताची सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट हीच. लहान चुलतभाऊ तेवढा राहिला, टॅपिर, हरणं, रानडुकरांसारखे पेकारी यांच्यावर भागवत. मग सोळाव्या शतकात स्पॅनिश आणि पोर्तुगीज गलबतांतून गाई-घोडे उतरले आणि त्याचे दिवस पालटले. आज तो गुरांच्या कळपांमागे पसरलाय.

ही गोष्ट मला पटली होती. पटण्याचं कारणही मला ठाऊक होतं: ती माझी गोष्ट होती. २०२३ च्या हिवाळ्यात मावशी गेली. घर विकलं गेलं. मामाकडची मुलगी दुसऱ्या शहरात गेली, लांबच्या दिराचा ठावठिकाणा काही महिने कुणालाच नव्हता, आजोबांना त्यांचा मुलगा घेऊन गेला. तेराव्याला मला वाटलं होतं, झाड पडलं.

पण एका दाताने ही गोष्ट मोडली.

मिरामारच्याच किनाऱ्यावर, तिथून फार लांब नाही, सेंतिनेला देल मार नावाची जागा आहे. तिथल्या थरांतून महाकाय व्हॅम्पायर वटवाघळाचा मानला गेलेला एक दात मिळाला. उलिसेस पार्दिन्यास आणि एदुआर्दो तोन्नी यांनी २००० साली त्याच्याबद्दल लिहिलं. ज्या थरात तो होता तो लाख वर्षांपूर्वीचा नाही, दहा हजार वर्षांपूर्वीचाही नाही. जेमतेम तीनशे वर्षांपूर्वीचा. त्याआधी १९९१ मध्ये आग्नेय ब्राझीलच्या गुहांमधली या जातीची हाडं जाहीर झाली होती. तीही दगड न झालेली, ताजी वाटावीत अशी. म्हणजे मेगाथेरियम गेला, टोक्सोडॉन गेला, ग्लिप्टोडॉनचे घुमट मातीत रुतले, आणि हा आश्रित त्यानंतरही हजारो वर्षं कुणाच्या ना कुणाच्या आधाराने तगून होता. उंटाच्या कुळातले ग्वानाको असतील, हरणं असतील. शेवटी शेवटी पंपाच्या गवताळ मैदानात मोकाट सुटलेले, रानटी झालेले घोडे आणि गुरंही असतील. तीनशे वर्षांपूर्वी ती तिथे अमाप होती. मग गेला तो कशाने? थंडीच्या लाटेने, की आणखी कशाने? 'मालक मेला म्हणून चाकर मेला' एवढ्या एका ओळीत मी त्याचा अंत उरकून टाकला होता. तो तसा उरकत नाही.

माणसाने या कुळाशी काय केलं हेही इथेच सांगते, कारण ते मनातून जात नाही. व्हॅम्पायर वटवाघळांतून गुरांना आणि माणसांना रेबीज होतो. त्रिनिदादमध्ये जोसेफ पावन यांनी १९३० च्या दशकात ते दाखवून दिलं. गुरं दगावणाऱ्या शेतकऱ्याचं दुःख खोटं नाही, त्याच्या रागाला मी नाव ठेवणार नाही. पण १९७० च्या दशकापासून वापरात असलेला उपाय असा: एक वटवाघूळ पकडायचं, त्याच्या पाठीला रक्त पातळ करणाऱ्या विषाचा लेप लावायचा आणि सोडून द्यायचं. ते वस्तीत परततं. सोबती त्याला चाटून साफ करतात. आणि एकापाठोपाठ एक आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतात. त्यांच्या मायेचाच सापळा केलाय. पेरूमध्ये झालेल्या अभ्यासात तर दिसलं की अशा कत्तलीने वस्त्यांमधला रेबीज कमी झाला नाही. गुरांना लस टोचणं हा मार्ग आहे, तो खर्चाचा आहे, आणि मला तोच योग्य वाटतो.

मागच्या वर्षी माझे पुन्हा वाईट दिवस होते. एका संध्याकाळी फोन वाजला. मामाकडची ती मुलगी. आता नोकरीला लागलेली, एका खोलीत राहणारी. इकडचं तिकडचं बोलली, मग अगदी मावशीच्या आवाजात म्हणाली, "पान वाढते. ये." मी गेले. तिथे लांबचे दीरही बसलेले होते.

परतताना बसच्या खिडकीशी मला तो सेंतिनेला देल मारचा दात आठवत राहिला. सतराशे सालच्या आसपासची एक रात्र. समुद्रावरून येणारा वारा, उंच गवत, निजलेलं एक मोठं, ऊबदार जनावर. त्याच्यापासून थोड्या अंतरावर एक साठ ग्रॅमचा जीव अलगद उतरतो, पंख मिटतो, आणि दुमडलेल्या मनगटांवर दबकत चालू लागतो. नाकाने ऊब शोधतो. पोट भरेपर्यंत चाटतो. मग पंखांनी जमीन रेटून उडी घेतो, जड झालेल्या पोटाने, जरा कष्टाने. उजाडायच्या आत पोचायला हवं. तिकडे अंधारात कुणीतरी आज रिकामं परतलं असेल.